रॅकेट वीस हजारांची, गटिंग फुकटचं

मंडळी, आज जरा भांडणाचा विषय आहे. ज्यांना टेनिसशी काही देणंघेणं नाही त्यांनी हा शनिवार सोडून दिला तरी चालेल. पण तुमच्या घरात एखादं पोर आठवड्यातून चार-पाच दिवस रॅकेट घेऊन अकॅडमीत जात असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

नवी रॅकेट घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात तीन प्रश्न विचारतात: कुठला ब्रँड, किती बजेट, आणि ग्रिप दोन नंबर की तीन. कार्ड स्वाइप झालं की जाता जाता चौथा येतो. "सर, गटिंग फ्री आहे. किती टाकू?" त्यावर दहातले नऊ जण म्हणतात, "नॉर्मल." दुकानदार मान डोलावतो, आतला पोरगा मशीनवर ५५ लावतो, पाऊण तासात रॅकेट तयार. वीस हजारांच्या वस्तूबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय एका शब्दात उरकला!

माझं म्हणणं साधं आहे. फ्रेम हा रॅकेटचा तो भाग आहे जो चेंडूला कधी लागतच नाही. (लागला तर सगळ्या कोर्टाला ऐकू जातं.) चेंडूची गाठ पडते ती तारांशी, आणि तीही सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकीच. त्या तारा कुठल्या, किती ताणलेल्या आणि किती जुन्या यावर फटका अवलंबून असतो, आणि हाताला बसणारा झटकाही. आपण मात्र फ्रेमचा रंग आणि ती कोण वापरतो यावर तीन आठवडे इंटरनेट पालथं घालतो, आणि तारांना "नॉर्मल" म्हणून मोकळे होतो. म्हणजे सर्व्हर महागातला घ्यायचा आणि डेटाबेस डिफॉल्ट सेटिंगवर चालवायचा. आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला रात्री दोन वाजता फोन येतो. टेनिसमध्ये तो फोन कोपराला येतो, एवढाच फरक.

आता 'गटिंग' या शब्दाबद्दल. तार नायलॉनची असो की पॉलिएस्टरची, आपल्याकडे सगळ्याला गट्सच म्हणतात. गट म्हणजे आतडं. फ्रान्समधल्या लिऑनच्या बाबोलाने १८७५ साली टेनिससाठी आतड्याची तार बनवली, तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तात असायची, तिचीच ही चुलत बहीण. आजही खरी गट मिळते, गाईच्या आतड्यापासून करतात, आणि मऊपणात व ताण टिकवण्यात तिची बरोबरी कुठल्याही प्लास्टिकला जमलेली नाही. पण ती महाग आहे आणि ओलाव्याशी तिचं हाडवैर आहे. आपल्या जुलैच्या हवेत ती बघता बघता फुगून विसविशीत होते. मी वापरत नाही, त्यामुळे घरात त्यावरून वाद होण्याचाही प्रश्न आलेला नाही.

दुसरा प्रकार नायलॉनचा: साधी सिंथेटिक गट, आणि शेकडो बारीक धागे एकत्र वळून केलेली मल्टिफिलामेंट. तिसरा पॉलिएस्टर, आणि माझं भांडण या तिसऱ्याशी आहे. खरं तर तारेशी नाही, ती ज्यांच्या हातात जाते त्याच्याशी.

१९९७ साली गुस्तावो कुएर्तेन नावाचा एक हडकुळा ब्राझिलियन, जागतिक क्रमवारीत ६६वा, फ्रेंच ओपन जिंकून गेला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन नावाच्या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. २००२ मध्ये आंद्रे आगासीने तीच वाट धरली आणि त्या वर्षी रोमची स्पर्धा जिंकली. मग सगळा टूरच पॉलीवर गेला. याचं कारण पुढे नीट कळलं. ही तार कडक आणि गुळगुळीत असते. चेंडूवर खालून वर ब्रश मारला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन जागेवर येतात, त्यातून जास्तीचा स्पिन मिळतो. स्पिन जास्त म्हणजे चेंडू जोरात मारला तरी बेसलाइनच्या आत पडतो. आजचं टेनिस जसं दिसतं, त्यात या तारेचा हात मोठा आहे.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे पॉली लवकर मरते. तुटत नाही हो, मरते. तिचा ताण आणि लवचिकपणा दहा-पंधरा तासांच्या खेळात इतका उतरतो की उरते नुसती कडक काडी. प्रो खेळाडूला याचं काहीच वाटत नाही, कारण तो नव्या चेंडूंबरोबर नवी रॅकेट काढतो. म्हणजे पहिल्यांदा सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर. २०१८ ते २०२३ दरम्यान बालेवाडीला एटीपीची स्पर्धा भरायची, ती बघायला गेलेल्यांना आठवत असेल. बॅगेतून एकेक रॅकेट निघायची ती प्लास्टिकच्या पिशवीतून, ताज्या गटिंगची. दुसरी गोष्ट: ही तार वाकवायला बॅटचा वेग लागतो. (बॅट म्हणजे रॅकेटच. आमच्या क्लबात अजून बॅटच म्हणतात.) तो वेग नसेल तर तार हलत नाही, परत येत नाही, स्पिन मिळत नाही. झटका मात्र पूर्ण मिळतो.

आता आमच्या सोसायटीतला एक मुलगा घ्या. वय तेरा. आठवड्याला पाच दिवस अकॅडमी. रॅकेट अशी की मी स्वतःसाठी घेताना दोनदा विचार करेन. त्यात पूर्ण पॉली, ५६ पौंड, कारण अकॅडमीत "सगळे तेच टाकतात". दिवाळीत घातलेली तार मार्चमध्ये तीच. त्याचे बाबा मला कौतुकाने म्हणाले, "काय टिकतात बघा! आधी नायलॉन होतं, ते महिन्याला तुटायचं." त्याच वेळी मुलाच्या कोपराला काळा पट्टा बांधलेला होता.

हे टिकण्याचं कौतुक म्हणजे सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात पॉली तुटत नाही, यात नवल ते काय? ती तुटावी एवढी ताकद त्याच्याकडे अजून यायची आहे. म्हणजे जी तार पंधरा तासांत मेली ती पुढे पाच महिने त्याच्या हाताशी बांधून ठेवली, का, तर तुटली नाही म्हणून. टायरचं रबर झिजून गुळगुळीत झालं तरी पंक्चर होत नाही तोवर गाडी चालवायची, त्यातला हा प्रकार. नायलॉन महिन्याला तुटायचं याचा अर्थ त्याला महिन्याला ताजी तार मिळत होती! ते बरं चाललं होतं.

त्याचं कोपर गटिंगमुळेच दुखलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि वाढत्या वयात पाच-पाच दिवस खेळणं, सर्व्हिसच्या बादल्याच्या बादल्या रिकाम्या करणं, हेही त्यात आहे. फिजिओने विश्रांती सांगितली, कोचने मनगट बळकट करायचे व्यायाम दिले. दोन्ही योग्यच. पण या सगळ्यात रॅकेटमध्ये काय आहे हे एकानेही विचारलं नाही. आणि ती तर सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात लवकर बदलता येणारी गोष्ट!

यावर एक पेटंट उत्तर मिळतं. "अहो, आपल्यासारख्यांना काय कळतोय तो फरक! ५५ काय न् ५० काय." गंमत म्हणजे हे बरोबर आहे. बॉवर आणि क्रॉस या दोघांनी २००३ मध्ये चांगल्या खेळाडूंवर प्रयोग केला होता. दोन रॅकेटमध्ये ११ पौंडांचा फरक असला तरी बहुतेकांना कुठली घट्ट आणि कुठली सैल हे सांगता आलं नाही. आता यातून निष्कर्ष काय काढायचा? लोक म्हणतात, की मग डोकं कशाला लावा, राहू दे ५५. मी म्हणतो, तुम्हाला फरक कळतच नसेल तर ४८ ठेवायला काय हरकत आहे? तारा सैल असल्या की जास्त दबतात, चेंडूला थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो, म्हणून झटक्याचा जोर कमी होतो. चेंडू जरा लांब जातो, पण हात आपोआप ते जुळवून घेतो. नाही घेतला तर दोन पौंड वाढवा. हाताला कळत नाही म्हणून कोपराला लागत नाही असं थोडंच आहे?

आणि मुळात तो आकडा तरी काय? ५५ पौंड म्हणजे पंचवीस किलोला थोडं कमी. पण ते कुठल्या मशीनवर? हाताने फिरवायचं क्रँक मशीन ठरलेला ताण आला की लॉक होतं. लॉक झाल्यावर तार आतल्या आत थोडी ढिली पडते आणि मशीन तिकडे बघत नाही. इलेक्ट्रॉनिक मशीन किंवा वजन लटकवायचं जुनं मशीन ओढत राहतं. त्यामुळे एकाचे ५५ आणि दुसऱ्याचे ५५ यात पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. शिवाय गटिंग झाल्यावर पहिल्या दिवसातच ताण उतरतो, ते वेगळंच. म्हणून मित्राचा आकडा उचलून उपयोग नाही. एक माणूस, एक मशीन, एक तार धरा, आणि त्याच्यावर आपला आकडा शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला. माझी एक साधी टेक्स्ट फाइल आहे: तारीख, तार, ताण, किती तास खेळलो, कसं वाटलं. बायको त्याला माझं व्रतवैकल्य म्हणते.

तारांचं महत्त्व पटत नसेल तर एक जुनी गोष्ट. १९७७ साली गिलेर्मो विलास क्ले कोर्टवर ओळीने ५३ सामने जिंकला होता. ऑक्टोबरमध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या फायनलमध्ये त्याच्यासमोर इली नास्तासे उभा राहिला तो 'स्पॅगेटी' गटिंगची रॅकेट घेऊन. उभ्या तारांचे दोन थर, आडव्यांत न विणलेले, मध्ये प्लास्टिकच्या नळ्या. चेंडू कुठे आणि किती वळेल याचा पत्ता नाही. दोन सेट गेल्यावर विलास वैतागून निघून गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय फेडरेशनने ते गटिंग आधी थांबवलं आणि १९७८ मध्ये तारा कशा विणलेल्या असाव्यात याचा नियमच केला. फ्रेम साधीच होती हो! बंदी आली ती तारांवर.

आता कस्टमायझेशन. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं हे फेडरर-सँप्रसचं काम. सँप्रसच्या रॅकेटवर शिशाच्या पट्ट्या असायच्या हे खरं आहे, पण तुमच्या-माझ्या बाबतीत याची सुरुवात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून होते. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट एकसारख्या नसतात. फ्रेमवर ३०० ग्रॅम छापलेलं असतं, पण कारखान्यातून बाहेर पडताना पाच-सात ग्रॅम इकडे तिकडे चालतात. मी या वेळी दुकानात काटा घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने भाजीवाला सुद्धा बघत नाही. तीन रॅकेट मोजल्या. २९७, ३०१, ३०४. मधली घेतली. दोन घेणार असाल तर हे कराच, नाहीतर पहिली तुटली की दुसरीशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

त्याहून महत्त्वाचं, ते वजन कुठे आहे. मुठीपासून जितकं लांब तितकं ते फिरवायला जड, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. हिशेब सोपा आहे. दांड्याच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आस धरा. २ ग्रॅमची शिशाची पट्टी डोक्याच्या अगदी टोकाला लावली तर आसापासून अंतर साधारण ५८ सेंमी, म्हणजे स्विंगवेट पावणेसातच्या आसपास वाढतं. तेच २ ग्रॅम घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी वाटून लावले तर साडेतीन, आणि शिवाय मध्याच्या बाजूला चेंडू लागला तर रॅकेट हातात कमी वळते. मुठीखाली लावले तर जवळजवळ शून्य, पण तोल मागे येतो. एकूण आकडा ३२०च्या आसपास असतो, त्यात सात म्हणजे काही कमी नाही. विशेष म्हणजे नुसत्या तारांचंच वजन पंधरा-सतरा ग्रॅम असतं आणि त्याने स्विंगवेट तीसेक वाढतं. म्हणून बिनतारांची रॅकेट दुकानात हवेत फिरवून "वा, काय हलकी आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

मी काय केलं? तीन आणि नऊला एकेक ग्रॅम, आणि मुठीच्या वरच्या टोकाला चार ग्रॅम, बस्स. आधी चिकटपट्टीने तात्पुरतं लावून दोन आठवडे खेळलो, मग पक्कं केलं. ग्रिप एक नंबर लहान वाटत होती, त्यासाठी हीट-श्रिंक नळी घातली. क्रीडासाहित्याच्या दुकानात ती मागाल तर एक तर मिळणार नाही किंवा भाव ऐकून बसाल. पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकलच्या दुकानात मीटरवर मिळते. (काम झाल्यावर गल्लीतून बाहेर पडायला अर्धा तास धरा.) लहान ग्रिप मोठी करता येते, मोठी लहान करणं कठीण, त्यामुळे शंका असेल तेव्हा लहानच घ्यावी.

डँपनरबद्दल एकच वाक्य: तो तारांचा आवाज बदलतो, हाताला पोचणारा फ्रेमचा थरथराट नाही. आगासी साधा रबरबँड लावायचा. आवाज आवडत असेल तर लावा, पण कोपरासाठी म्हणून विकत घेऊ नका.

राहिला गटिंग करणारा माणूस. माझ्या लेखी या सगळ्यातला खरा कारागीर तोच. आपल्याकडे बहुतेक दुकानांत मशीन दिवसभर बॅडमिंटन ओढत असतं. पातळ तार, हलकी फ्रेम. मध्येच कोणी टेनिसची रॅकेट आणतो, मग त्याच घाईत तीही उरकली जाते. मी ज्या काकांकडे जातो ते फ्रेम सहा ठिकाणी पक्की बसवतात, ग्रोमेटमधून बोट फिरवून तुटका शोधतात, आणि आडव्या तारा डोक्याकडून गळ्याकडे ओढतात. जुन्या तारा कापतानाही मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जातात, म्हणजे फ्रेमवर एका बाजूने ताण येत नाही. बाज विणणाऱ्याचा हात आणि घड्याळजीचा डोळा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ब्रँड विचारला नाही. "वय किती साहेब? आठवड्याला किती वेळा खेळता? हात दुखतो का?" हे विचारलं. मी "नॉर्मल टाका" म्हणणाऱ्यांबद्दल बोलायला लागलो तर हसून म्हणाले, "नॉर्मल कोणाचं ते सांगत नाहीत ना."

मिरजेला जाऊन तंबोऱ्याची जवारी लावून घेणारा गायक कारागिराला "नॉर्मल लावा" म्हणत नाही, आणि त्याच्याशी पाचपन्नास रुपयांवरून घासाघीसही करत नाही. सँप्रसने स्वतःचा खासगी गटिंगवाला ठेवला होता. आपण मात्र त्याची मजुरी रॅकेटच्या किमतीत 'फ्री' म्हणून टाकून मोकळे. फुकट गटिंगमध्ये येणारी तारही त्याच मोलाची असते, बहुतेकदा रिळावरची सर्वात स्वस्त, पाकिटावर नाव नसलेली. म्हणून माझा दुकानदाराला सल्ला, "फ्री नको, बिनतारांची द्या आणि तेवढे पैसे कमी करा." कमी करत नाहीत, पण विचारायला काय जातं?

माझ्या नव्या रॅकेटमध्ये सध्या १.३० मिलिमीटरची मल्टिफिलामेंट आहे, ५० पौंड. आठवड्यात तीनदा खेळतो, म्हणून वर्षातून तीनदा गटिंग, तुटो न तुटो. हा जुना ठोकताळा नायलॉनला ठीक आहे. पॉली असेल तर त्याच्या दुप्पट तरी करा. पॉलीच हवी असेल तर ४५च्या खाली या, किंवा उभ्यात पॉली आणि आडव्यात नायलॉन असं मिश्रण करा. फेडररने उभी खरी गट आणि आडवी पॉली ठेवून वर्षानुवर्षं काढली, त्यामुळे मिश्रण म्हणजे तडजोड असं कोणी म्हणू नये.

सोसायटीतल्या त्या मुलाची रॅकेट मी त्याच्या बाबांच्या परवानगीने काकांकडे नेली. काकांनी तार अंगठ्याने बाजूला सरकवून बघितली, ती सरकली तिथेच राहिली, परत आली नाही. काही न बोलता त्यांनी कात्री घेतली. आता त्यात मल्टिफिलामेंट आहे, ४८. दीड महिन्यात एक तुटली, आणि त्याच्या बाबांचा फोन आला. "अहो, हे टिकत नाहीये." मी म्हटलं, छान. तसंच चालू द्या.